महायुद्धानंतरच्या युरोपातल्या ख्रिस्ती प्रेमकथा आणि रहस्यकथा : नव्या वाचकाने सुरुवात कशी करावी

८ मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं, एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. या कादंबऱ्या तिथून पुढे सुरू होतात. तोफा थांबल्यात, पण घराला छप्पर नाही. नवरा रशियात कैदेत आहे की कुठल्या शेतात पुरला गेलाय, कुणी सांगू शकत नाही. वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय, त्याची कागदपत्रं अगदी चोख आहेत, आणि त्या चोखपणामुळेच शंका येते. चर्चचा मनोरा कोसळलाय, तरी रविवारी त्या ढिगाऱ्यात चार खुर्च्या मांडून कुणीतरी उपासना घेतंय.

अशा जगात घडणाऱ्या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा आणि रहस्यकथा इंग्रजीत भरपूर आहेत. मराठी वाचकाला त्या बहुधा योगायोगानेच भेटतात. किंडलवर सवलतीत दिसल्या, चर्चच्या ग्रंथालयात हाती लागल्या, नाहीतर परदेशातल्या मावशीने बॅगेतून आणल्या. मग पहिल्या पन्नास पानांत कुठलं शहर कुणाच्या ताब्यात आहे ते कळत नाही, बायबलचे संदर्भ डोक्यावरून जातात, आणि पुस्तक उशाशी पडून राहतं. तसं होऊ नये म्हणून ही वाट आखून देतोय. त्यासाठी वाचक ख्रिस्ती असायला हवा असं मुळीच नाही. 'स्मृतिचित्रे' ज्याने मनापासून वाचलंय, त्याला श्रद्धा आणि संसार एकाच पानावर कसे नांदतात ते आधीच माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या प्रकारातल्या चांगल्या कादंबरीत प्रेम, रहस्य आणि श्रद्धा हे तीन वेगळे धागे नसतात. तिन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरतात : हा माणूस युद्धात काय करत होता, आणि ते कळल्यावर त्याला क्षमा करता येईल का? प्रेमकथेत हा प्रश्न लग्नाच्या आड येतो, रहस्यकथेत तो एखाद्या कपाटात दडलेला असतो, आणि श्रद्धेच्या अंगाने तो थेट देवाला विचारला जातो. हा प्रश्न धरून वाचलंत तर कथानक कितीही गुंतागुंतीचं असलं तरी तुम्ही हरवणार नाही.

पहिली पायरी : आपण काय वाचतोय ते ओळखा

ही पुस्तकं मुख्यतः अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशन संस्थांकडून येतात. बेथनी हाउस, टिंडेल हाउस, रेव्हेल, थॉमस नेल्सन ही नावं मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर दिसली की अंदाज बांधता येतो. शृंगार संयमाने येतो, शिवीगाळ जवळजवळ नसते, हिंसा असली तरी ती चवीने रंगवलेली नसते, आणि शेवट आशेकडे झुकलेला असतो. नायक-नायिका शेवटी एकत्र येणार हे प्रेमकथेत गृहीतच धरा. उत्सुकता असते ती कशा येणार याची. या क्षेत्रातला मानाचा क्रिस्टी पुरस्कार कुणाकुणाला मिळालाय ती यादी पाहिली, तर चांगल्या लेखकांची नावं आयतीच हाताशी लागतात.

मलपृष्ठावरचा मजकूर वाचताना एवढंच बघा की पहिल्या दोन ओळींत धोका आहे की भेट. 'तिला एक जुनं पत्र सापडतं आणि कुणीतरी तिच्या मागावर आहे' असं असेल, तर रहस्य पुढे आणि प्रेम मागे. 'जखमी वैमानिक आणि त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका' असं असेल, तर उलट. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने रहस्य पुढे असलेलं पुस्तक घ्यावं असं मला वाटतं. अनोळखी इतिहासातून वाचकाला ओढून न्यायला रहस्याचा जोर कामी येतो.

आणखी एक भान ठेवा. लेखक बहुतेक अमेरिकन इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) परंपरेतले असतात, आणि पात्रं बव्हेरियातली कॅथलिक, सॅक्सनीतली लुथरन किंवा हॉलंडमधली रिफॉर्म्ड (हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ). अभ्यासू लेखक हा फरक सांभाळतो : व्हिएन्नाची म्हातारी रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणते, हॉलंडचं कुटुंब जेवणानंतर बायबलचा उतारा वाचतं आणि स्तोत्रं गातं. आळशी लेखकाच्या पुस्तकात सगळे एकाच पद्धतीने, एकाच शब्दांत प्रार्थना करतात. वसईतल्या आणि अहमदनगरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या उपासनेत किती फरक असतो ते ज्याने पाहिलंय, त्याला ही खूण लगेच पटेल.

दुसरी पायरी : शहर आणि महिना लिहून ठेवा

हे फार महत्त्वाचं आहे, आणि नवे वाचक नेमकं हेच टाळतात. प्रकरणाच्या डोक्यावर 'बर्लिन, मार्च १९४८' असं छापलेलं असतं आणि आपण ते वाचून न वाचल्यासारखं करतो. पण युद्धानंतरच्या युरोपात सहा महिन्यांत सगळं पालटत होतं. १९४५ मध्ये जे गुन्हा होतं ते १९४७ मध्ये चालत होतं, आणि जो रस्ता १९४७ मध्ये उघडा होता तो १९४८ मध्ये बंद झाला. पुस्तकखुणेच्या कागदावरच शहर, महिना आणि तिथे सत्ता कुणाची, एवढं टिपून ठेवा.

जर्मनीचे चार भाग पडले होते : अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत. बर्लिन सोव्हिएत भागाच्या पोटात, पण त्या शहराचेही पुन्हा चार तुकडे. २० जून १९४८ ला पश्चिमेकडच्या भागांत नवं चलन आलं, माणशी चाळीस नवे मार्क हातात पडले आणि दुसऱ्याच दिवशी दुकानांच्या काचांमागे इतके दिवस दडवलेला माल दिसू लागला. त्याच आठवड्यात, २४ जूनला, सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. १२ मे १९४९ पर्यंत ते शहर विमानांवर जगलं. कोळसासुद्धा विमानाने येत होता. पण एक ध्यानात ठेवा : बर्लिनमध्ये एका भागातून दुसऱ्या भागात पायी किंवा गाडीने जाणं १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहीपर्यंत शक्य होतं. १९५० च्या कथेत नायिका पूर्वेकडून पश्चिमेकडे सहज जाताना दिसली तर ती लेखकाची चूक समजू नका. धोका चौकीवरच्या झडतीचा आणि पाळतीचा होता. पूर्व जर्मनीची गुप्तचर यंत्रणा स्टासी फेब्रुवारी १९५० मध्ये स्थापन झाली. त्याआधीच्या कथेत तिचं नाव आलं तर मात्र तो घोटाळा आहे.

व्हिएन्नाचीही अशीच वाटणी झाली होती, पण तिथे मधला जुना भाग चौघांच्या सामाईक ताब्यात होता आणि त्याचं अध्यक्षपद दर महिन्याला फिरत असे. चार देशांचे चार शिपाई एकाच जीपमधून गस्त घालत. सेंट स्टीफन कॅथीड्रल एप्रिल १९४५ मध्ये जळलं, ते पुन्हा पूर्ण उभं राहायला १९५२ उजाडलं, आणि परकी फौज गेली १९५५ मध्ये. रहस्यकथेसाठी याहून सोयीचं शहर मिळणं कठीण : रस्ता ओलांडला की कायदा बदलतो.

लंडन जिंकलेलं, तरी उपाशी. युद्ध चालू असताना ब्रेडवर रेशन नव्हतं, ते जुलै १९४६ मध्ये आलं आणि दोन वर्षं टिकलं. रेशनिंग पूर्ण उठलं जुलै १९५४ मध्ये. म्हणून १९५० च्या लंडनमधल्या चहापानात भरपूर साखर आणि लोण्याचा केक आला, तर तो कुठून आला हा प्रश्न विचारायलाच हवा. कधी कधी तोच रहस्याचा धागा असतो.

तिसरी पायरी : एक प्रसंग सावकाश वाचून बघा

समजा कादंबरी अशी सुरू होते : कलोन, जानेवारी १९४७. रात्र. चौदा वर्षांचा मुलगा सिग्नलला थांबलेल्या मालगाडीवर चढून कोळसा खाली फेकतोय आणि त्याची विधवा बहीण तो पोत्यात भरतेय. एक ब्रिटिश सार्जंट टॉर्च घेऊन येतो, तिच्याकडे बघतो, टॉर्च विझवतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी ती पापाची कबुली द्यायला धर्मगुरूंकडे जाते.

घाईने वाचलं तर एवढंच कळतं : गरिबी, चोरी, दयाळू नायक. आता महिना बघा. १९४६-४७ चा हिवाळा त्या पिढीतला अतिशय कडक होता. नद्या गोठल्या, कोळशाचे तराफे अडकले, आणि कित्येक शहरांत माणसाला दिवसाला जेमतेम हजार कॅलरींच्या आसपास अन्न मिळत होतं. शहर बघा. कलोन ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, म्हणजे सार्जंट ब्रिटिश असणं बरोबर. आणि कलोन म्हटलं की कार्डिनल योसेफ फ्रिंग्स आलेच. ३१ डिसेंबर १९४६ च्या संध्याकाळी सेंट एंगेलबर्ट चर्चमधल्या प्रवचनात ते म्हणाले होते की, जीव आणि आरोग्य राखायला जे लागतं, ते कष्ट करून किंवा मागूनही मिळत नसेल, तर ते माणसाने घेतलं तर चालेल. शहरभर ही गोष्ट पसरली. कोळसा उचलायला जाणारे लोक आपल्या या उद्योगाला सरळ कार्डिनलांच्याच नावाने ओळखू लागले. पण त्या प्रवचनाचा उरलेला भाग लोकांनी सोयीने मागे टाकला. कार्डिनल पुढे असंही म्हणाले होते की, बऱ्याच जागी गरजेपलीकडे गेलं गेलंय, आणि अन्यायाने घेतलेलं परत दिल्याशिवाय देवाकडून क्षमा नाही.

आता पुन्हा तो प्रसंग वाचा. ती बाई कबुलीला का जाते? कार्डिनलांनी मोकळीक दिली असताना तिच्या मनाला काय टोचतंय? कोळसा खरंच चुलीसाठी होता की त्यातलं एक पोतं काळ्या बाजारात गेलं? की ती दुसऱ्याच कशाची कबुली द्यायला गेलीय आणि कोळसा हे निमित्त? चांगला लेखक इथेच पहिली गाठ मारून ठेवतो. इतिहास ठाऊक असेल तर ती गाठ हाताला लागते, नसेल तर आपण तिच्यावरून पुढे निघून जातो.

प्रत्येक प्रसंगाला इतका वेळ देऊन कादंबरी वाचता येणार नाही हे कबूल. पहिल्या प्रकरणाला मात्र तो द्याच.

चौथी पायरी : कागदांवर लक्ष ठेवा

या रहस्यकथांत बंदुकीपेक्षा कागद जास्त धोकादायक असतो. अमेरिकन भागात प्रौढ जर्मनांना १३१ प्रश्नांची एक छापील प्रश्नावली भरावी लागे : कुठल्या संघटनेत होता, केव्हापासून, कुठलं पद. त्यावरून माणसाची पाच वर्गांत विभागणी व्हायची, मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत. नोकरी, घर, पेन्शन सगळं त्या वर्गावर. म्हणून लोक चांगुलपणाचे दाखले गोळा करत फिरत. 'हा गृहस्थ मनाने कधीच नाझी नव्हता' असं कुणा प्रतिष्ठित माणसाने लिहून द्यायचं. पर्सिल नावाची कपडे धुण्याची पावडर तिथे घरोघरी होती, तिचंच नाव या दाखल्यांना पडलं.

हे दाखले कोण लिहून देत? बऱ्याचदा पाळक आणि धर्मगुरू. त्यामुळे या कादंबऱ्यांतला पाळक हा नुसता उपदेश करणारा म्हातारा नसतो. त्याच्या टेबलावर एक कागद पडलेला असतो, समोर मंडळीतलाच एक माणूस टोपी हातात धरून उभा असतो, आणि त्याची चार लेकरं उपाशी आहेत हे पाळकाला ठाऊक असतं. सही करायची की नाही? असा प्रसंग ज्या पुस्तकात आला, ते पुस्तक मी शेवटपर्यंत वाचतो.

आणखी काही खुणा ओळखून ठेवा. नाझींच्या एसएस या दलातल्या सैनिकांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रक्तगट गोंदलेला असे. नायक ऐन उन्हाळ्यात बाह्या दुमडत नसेल, किंवा तिथे भाजल्याचा व्रण असेल, तर लेखक तुम्हाला काहीतरी सुचवतोय. नाझी पक्षाची सदस्य-कार्डं लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या एका कागदाच्या गिरणीत पाठवली होती. ती तिथे नष्ट झालीच नाहीत आणि अमेरिकनांच्या हाती पडली. त्यामुळे 'सगळे पुरावे जाळले' म्हणणारं पात्र बिनधास्त दिसलं तरी वाचकाने बिनधास्त राहू नये. लुटलेली चित्रं हा असाच एक हमखास विषय. ऑस्ट्रियात आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत हजारो कलाकृती सापडल्या, त्यांत बेल्जियममधल्या गेंटच्या कॅथीड्रलमधली वेदीमागची विख्यात चित्रंही होती. त्यांतलं देवाच्या कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक असलेलं, चित्र मिठाच्या खाणीत, सुरुंगांच्या धाकात : ख्रिस्ती रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून वेगळं काय हवं!

आणि चर्चही या कागदांतून सुटलेलं नाही. रोममधले ऑस्ट्रियन बिशप आलोइस हुडाल यांनी फरार नाझींना पळून जायला मदत केली. ज्यूंच्या कत्तलीच्या मुख्य सूत्रधारांपैकी एक असलेला आडोल्फ आइकमन १९५० मध्ये रेड क्रॉसच्या खोट्या नावाच्या पासपोर्टवर जिनोआहून अर्जेंटिनाला गेला, त्यालाही एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूची मदत झाली होती. जी कादंबरी चर्चमधल्या सगळ्यांना संत म्हणून दाखवते ती या इतिहासाकडे पाठ फिरवते, आणि तिची श्रद्धाही मग पातळ लागते.

निर्वासितांच्या छावण्यांचं दृश्य आलं तर आपल्याला थोडं जवळचं वाटायला हरकत नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. युद्ध संपल्यावर ते लगेच घरी का गेले नाहीत? कारण ज्या गावांतून त्यांना हाकललं होतं, त्यांतली बरीचशी आता सोव्हिएत हद्दीत गेली होती, आणि उरलेल्या पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्व होतं. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या छावण्यांत अडकलेल्या लाखो लोकांची अडचण हीच. 'युद्ध संपलं ना, मग जा की घरी' असं एखादं अमेरिकन पात्र म्हणतं, तेव्हा समोरची मुलगी गप्प का होते, हे वळिवड्याची गोष्ट माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही.

पाचवी पायरी : प्रेमाच्या आड काय येतंय ते बघा

साध्या प्रेमकथेत गैरसमज आड येतो, इथे कायदा येतो. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैनिकाला जर्मन स्त्रीशी बोलायचीसुद्धा बंदी होती. ही बंदी हळूहळू सैल होत ऑक्टोबरपर्यंत जवळपास उठली, पण जर्मन मुलीशी लग्नाची वाट डिसेंबर १९४६ मध्ये मोकळी झाली, तीही वरिष्ठांच्या परवानगीने आणि चौकशीनंतर. म्हणजे मधलं वर्षभर जीव लागलेला आणि लग्न अशक्य, अशी अवस्था. संयमाची मर्यादा पाळणाऱ्या प्रेमकथेला हे वर्ष फार मानवतं. सोव्हिएत बाजूला तर फेब्रुवारी १९४७ मध्ये परदेशी माणसाशी लग्न करण्यावर बंदीच आली. रशियन दुभाषी आणि ब्रिटिश अधिकारी अशी जोडी दिसली तर आधी तारीख बघा.

इंग्लंडमधल्या मुलींचं वेगळंच. जानेवारी १९४६ मध्ये साउदॅम्प्टनहून 'अर्जेंटिना' नावाचं जहाज सैनिकांच्या ब्रिटिश बायकांना आणि लेकरांना घेऊन न्यूयॉर्कला निघालं. नवऱ्याबरोबर काढलेले दिवस मोजकेच, सासरचं गाव कधी पाहिलेलं नाही, आणि परतीचे पैसे नाहीत. परदेशी लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या आया आपल्याकडेही आहेत, त्यांनी ही पुस्तकं जरूर वाचावीत.

सगळ्यात अवघड पेच परत आलेल्या नवऱ्याचा. सोव्हिएत कैदेतले शेवटचे सुमारे दहा हजार जर्मन १९५५-५६ मध्ये सुटले. दहा-बारा वर्षं बायकोने वाट पाहिली, मग मृत समजून दुसरं घर मांडलं, आणि एक दिवस स्टेशनवरच्या यादीत त्याचं नाव. देवासमोर दिलेलं वचन कुणाला दिलेलं धरायचं? इथे सोपं उत्तर देणाऱ्या कादंबऱ्या मला आवडत नाहीत. अशा कथेत लेखक पहिल्या नवऱ्याला शेवटच्या प्रकरणात न्यूमोनियाने मारतो का, ते बघा. मारत असेल तर त्याला प्रश्न पेलला नाही.

सहावी पायरी : बायबलमधल्या पाच गोष्टी आधी वाचा

सगळं बायबल वाचायला बसायची गरज नाही. पाच गोष्टी पुरतात, एका संध्याकाळी होतील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळालं तर उत्तम, त्यातल्या टिपाही कामाच्या आहेत.

रूथ : परक्या देशातली विधवा, सासूबरोबर चालत येते, दुसऱ्याच्या शेतात धान्य वेचते, आणि तिथेच तिचं पुन्हा लग्न होतं. निर्वासित नायिकेच्या निम्म्या कथा या साच्यावर बेतलेल्या आहेत.

योसेफ, उत्पत्तीचे अध्याय ३७ ते ५० : भावांनीच विकलेला भाऊ, आणि वर्षांनंतर तेच भाऊ धान्य मागायला दारात. ज्याने पकडून दिलं तोच मदत मागायला येतो, हे कथानक दिसलं की योसेफ आठवा.

उधळ्या पुत्राची गोष्ट, लूक १५. यात थोरल्या भावाकडे जास्त लक्ष द्या. तो घरी राबला, चुकला नाही, आणि आता बापाच्या मोठेपणाने त्याचा जीव जळतोय. प्रतिकारात लढलेल्या पात्राला शत्रूशी हातमिळवणी केलेल्या भावाचं स्वागत बघवत नाही, तेव्हा तोच थोरला भाऊ बोलत असतो.

जक्कय, लूक १९ : लुबाडलेलं चौपट परत देणारा जकातदार. कार्डिनल फ्रिंग्स यांच्या प्रवचनाचा विसरलेला भाग इथून आलेला कळतो.

आणि मत्तय १८ मधला निर्दय चाकर. त्याच अध्यायात 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा करण्याचं वचन आहे, जे या कादंबऱ्यांतली पात्रं एकमेकांना सुनावत असतात.

सातवी पायरी : क्षमा किती स्वस्तात दिलीय ते तपासा

इथे मी जरा आग्रही आहे.

कोरी टेन बूम हे नाव या वाचकवर्गात सगळ्यांना माहीत असतं. हॉलंडच्या हार्लेममधलं तिचं घड्याळजीचं घर, तिथे लपवलेले ज्यू, फेब्रुवारी १९४४ मधली अटक, राव्हेन्सब्रुकच्या छावणीत डिसेंबरमध्ये बहीण बेट्सीचा मृत्यू. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये ती क्षमेवर बोलली आणि सभा संपल्यावर एक माणूस पुढे आला. तिने ओळखलं. तो त्या छावणीतला पहारेकरी होता. त्याने हात पुढे केला. तिने लिहिलंय की तिचा हात उचलेना. आत्ताच क्षमेवर बोलून झालं होतं आणि मनात थेंबभर माया नव्हती. तिने मनातल्या मनात प्रार्थना केली, हात यांत्रिकपणे पुढे केला, आणि मग बाकीचं झालं. तो हात न उचलण्याचा क्षण सगळ्यात मोलाचा आहे. ज्या कादंबरीत तो क्षण आहे ती खरी. ज्यात नायिका दोन ओळींची प्रार्थना करते आणि तिसऱ्या ओळीला मन हलकं होतं, ती नाही.

डिट्रिख बोनहोफर या लुथरन पाळकाने १९३७ मध्येच 'स्वस्त कृपे'बद्दल बजावून ठेवलं होतं : पश्चात्ताप न मागता वाटलेली क्षमा. नाझींनी त्याला ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनब्युर्गला फाशी दिलं, युद्ध संपायला महिना उरला असताना. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी स्टुटगार्टला दोषाची कबुली दिली. आम्ही अधिक धैर्याने श्रद्धा प्रकट केली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, असं त्यात होतं. एवढ्यावरही जर्मनीत पुष्कळ लोक चिडले. पण त्या कबुलीत ज्यूंचा शब्दाने उल्लेख नाही. हे माहीत असलेला वाचक कादंबरीला एक साधा प्रश्न विचारतो : क्षमा कोण करतंय, आणि कुणाच्या वतीने? स्वतःवरचा घाव माणूस माफ करू शकतो. मेलेल्या शेजाऱ्याच्या वतीने माफी देण्याचा हक्क त्याला कुणी दिला?

म्हणूनच ज्यू पात्रं कशी रंगवलीत ते डोळ्यात तेल घालून बघा. २०१५ मध्ये अमेरिकेत अशाच एका ख्रिस्ती प्रेमकथेवरून मोठा वाद झाला. त्यात नायिका ज्यू आणि नायक छळछावणीचा कमांडंट होता. वाचकांचा आक्षेप रास्त होता : लाखोंच्या मरणावर एका गुन्हेगाराच्या हृदयपरिवर्तनाची गोष्ट उभी करणं, आणि वर ज्यू नायिकेला ख्रिस्ती श्रद्धेकडे वळवणं, हे मेलेल्यांवर अन्याय करणारं आहे. सहा पानांत धर्मांतर करणारं ज्यू पात्र दिसलं तर मी पुस्तक मिटतो, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

याउलट एक उदाहरण. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल जळालं. तिथले प्रोव्होस्ट (प्रमुख धर्मगुरू) रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षीच्या नाताळात त्या भग्न वास्तूतून रेडिओवर सूड न घेण्याचं आवाहन केलं, आणि पुढे वेदीमागच्या भिंतीवर 'हे बापा, क्षमा कर' एवढंच कोरलं. कुणाला, ते लिहिलं नाही. बॉम्ब टाकणारेही त्यात आले आणि भिंतीसमोर उभे राहणारेही. या परंपरेतून येणारी कादंबरी नायिकेलाही स्वतःकडे बघायला लावते, नुसतं शत्रूला माफ करून मोकळी करत नाही.

पुस्तक कुठलं घ्यावं आणि कसं वाचावं

मराठीत या प्रकारातलं फारसं आलेलं नाही, तेव्हा इंग्रजीची तयारी ठेवा. भाषा साधी असते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला पन्नास पानांनंतर सवय होते. मध्ये येणारे जर्मन, डच शब्द बहुतेक पुढच्याच वाक्यात उलगडतात, प्रत्येकाला शब्दकोश उघडू नका. ई-पुस्तकाचा नमुना फुकट उतरवून घ्या, पहिलं प्रकरण कलोनच्या प्रसंगासारखं सावकाश वाचा आणि मगच पैसे खर्च करा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या इंग्रजी पुस्तकांत ही मधूनच सापडतात.

बऱ्याच पुस्तकांत दोन काळ असतात : आजची नात आणि १९४६ मधली आजी. पहिल्यांदा असं पुस्तक टाळा. पात्रांची नावं लक्षात ठेवण्यातच जीव जातो. घ्यायचंच झालं तर पुस्तकखुणेवर दोन स्तंभ पाडा आणि वस्तू टिपा, नावं नव्हे : लॉकेट, चावी, भजनसंग्रह. दोन्ही काळांना जोडणारी वस्तूच असते.

पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टीप असते, खरं काय आणि रचलेलं काय ते सांगणारी. ती शेवटीच वाचा, पण न चुकता वाचा. टीपच नसेल तर मी जरा सावध होतो.

नाव सांगायचंच तर रेचल मॅकमिलन यांची 'द लंडन रिस्टोरेशन' (२०२०) सुरुवातीला चांगली. १९४५ चं लंडन, क्रिस्टोफर रेन यांनी बांधलेली आणि बॉम्बने पडझड झालेली चर्चेस, आणि युद्धाने दुरावलेलं नवरा-बायकोचं जोडपं. नायिका ब्लेचली पार्कला, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश केंद्रात, गुप्त काम करत होती आणि ते नवऱ्यालाही सांगायची तिला मुभा नाही. खऱ्या आयुष्यातही ते गुपित १९७० च्या दशकापर्यंत बाहेर आलं नव्हतं, म्हणजे तिचा पेच लेखिकेने ओढूनताणून आणलेला नाही. लग्न झालेल्यांची प्रेमकथा असल्यामुळे 'भेटतील का' या प्रश्नाची जागा 'एकमेकांना ओळखतील का' हा प्रश्न घेतो. त्यानंतर त्यांचीच 'द मोझार्ट कोड' (२०२२) घ्या, ती तुम्हाला व्हिएन्ना आणि प्रागला नेते. तोवर चार सत्ता आणि एक जीप हे गणित तुमच्या अंगवळणी पडलेलं असेल. बर्लिनच्या नाकेबंदीवरचं पुस्तक तिसरं ठेवा. त्यात तारखा दिवसादिवसाने महत्त्वाच्या असतात, आणि जून १९४८ च्या त्या एका आठवड्यात कोण कुठल्या भागात झोपलं होतं यावर सगळं कथानक फिरतं.